कळस पाहून परतलेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. सध्या मी ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागात, एका घराच्या परसात, मटारच्या वेलाला टेकू देत उभी आहे. माझ्या पायाशी चिखल आहे आणि डोक्यावर कुणीतरी दहीवड्याचा रिकामा डबा उपडा घातला आहे, पाखरांना घाबरवायला. पाखरं घाबरत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

माझा जन्म स्पेनमधल्या नाव्हारा प्रांतातला. हेझेलच्या झाडाची मी सरळसोट फांदी होते. एका मिशाळ म्हाताऱ्याने मला तोडलं, वाळवलं, टोकाला लोखंडी टोपण बसवलं आणि मूठ सोडून बाकीची साल तशीच ठेवली. सान्तियागो शहरातल्या मोठ्या देवळाकडे, म्हणजे तिथल्या चर्चकडे, पायी निघालेल्या यात्रेकरूंसाठी तो काठ्या करायचा. त्याच्या दारातून एका सकाळी दमयंतीने मला उचललं. पंजाबी ड्रेस, त्यावर रेनकोट आणि पायात नवेकोरे बूट. मला जमिनीवर टेकवून ती म्हणाली, "चला काठीबाई. माझी खरी काठी मागाहून येणार आहे."

तिची खरी काठी म्हणजे तिचा मुलगा, शंतनू. दमयंतीचा नवरा जगदीश न्यूझीलंडला आल्यावर थोड्याच वर्षांत वारला. तेव्हा भेटायला आलेला जो तो म्हणाला होता, "शंतनू आहे ना, म्हातारपणची काठी!" तिने ते शब्द मनावर घेतले. हॉस्पिटलात नर्सची नोकरी करून पोराला वाढवलं. कामावरच्या एका मैत्रिणीकडून या वाटेबद्दल ऐकलं, तेव्हाच ती नवस बोलून बसली होती, की पोरगं मार्गी लागलं की मायलेकांनी पायी जायचं आणि त्या देवळाचा उंबरा जोडीने ओलांडायचा. देव कुठलाही असो, पायी आलेल्याचं तो ऐकतो, एवढाच तिचा हिशेब. पण निघायच्या आधी शंतनू म्हणाला, "आई, ऑफिसमध्ये हीप्स काम आहे गं, नुसता ढीग. तू हो पुढे, मी शेवटच्या टप्प्याला जॉइन होतो." आणि ती पुढे झाली.

ते दिवस मी कसे विसरेन? पहिल्याच गावात एका बाईने खिडकीतून आम्हाला हाक दिली, "बुएन कामिनो!" दमयंती थबकली. मला म्हणाली, "काठीबाई, ही मला कमिनी म्हणाली की काय?" पुढे कळलं, की 'कामिनो' म्हणजे वाट. ती बाई आमची वाट सुखाची होवो म्हणत होती. त्यानंतर दमयंती भेटेल त्याला, अगदी मेंढरांनासुद्धा, "बुएन कामिनो" म्हणू लागली. बीच वृक्षांची राई मागे पडली, ला रिओखाच्या लाल मातीतले द्राक्षमळे आले. मग कास्तियाचं पठार. गव्हाशिवाय काही नाही, सावलीला झाड नाही, आणि दूरच्या गावातल्या घंटाघरावर करकोच्यांची घरटी. तिथे तिला हरभऱ्याचं कालवण मिळालं. चाखून म्हणाली, "उसळच आहे ही, फक्त फोडणी विसरलेत." गॅलिसियात पावसाने गाठलं. तिथे धान्याची कोठारं उंदरांपासून वाचवायला दगडी पायांवर उभी असतात. दमयंतीचे पायही तोवर दगडासारखे जड झाले होते, पण ती रोज संध्याकाळी फोनवर विचारायची, "कधी निघतोयस?" आणि तो म्हणायचा, "बघतो."

शेवटी ती टेकडी आली. तिचं नावच आनंदाची टेकडी. तिथून यात्रेकरूंना देवळाची शिखरं पहिल्यांदा दिसतात. दमयंतीने मला गवतावर आडवं ठेवलं आणि हात जोडले. तेवढ्यात फोन वाजला. शंतनूच्या बायकोचं, सुरुचीचं, बाळंतपण ठरल्या तारखेच्या आधीच आलं होतं. "आई, मी नाही येऊ शकत. तूच ये, प्लीज."

खाली उतरून देवळात जायला फार तर दीड तास लागला असता. मी तिच्या हाताला ओढ देत होते. पण ती म्हणाली, "कळस दिसला, तेवढं पुरे. आत जायचं ते शंतनूबरोबर. बोलले आहे मी तसं." आणि त्या आनंदाच्या टेकडीवरून आम्ही मागे फिरलो. तिच्या या खुळ्या शब्दाचा मला आजही राग येतो.

ऑकलंडच्या विमानतळावर तपासनीस हसून "किया ओरा", म्हणजे इथला नमस्कार, म्हणाला आणि मला घेऊन गेला. परकी कीड येऊ नये म्हणून माझी साल निघाली. त्याची मला तक्रार नाही, तो या देशाचा नियम आहे. घरी मात्र मी आधी दिवाणखान्यात होते. पाहुणे मला हातात घेऊन बघायचे, दमयंती वाटेच्या गोष्टी सांगायची आणि शंतनू म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की, आई." त्या भरवशावर ती रोज मला घेऊन रॉस्किलची टेकडी चढायची. मग नवं फर्निचर आलं आणि मी गॅरेजमध्ये गेले. नात ऋग्वेदा मोठी झाली, माझ्या टोकाने पन्हाळीतला चेंडू काढू लागली. "ऋग्वेदा, जपून गं, माझ्या यात्रेची काठी आहे ती," दमयंती म्हणायची. "आजी, इट्स जस्ट अ स्टिक!" पोरीचा काय दोष? तिने मला चालताना पाहिलंच नव्हतं. तोवर दमयंतीचे गुडघे धरले होते. मग मटारला टेकू हवा म्हणून एक दिवस मला गॅरेजमधून काढून परसातल्या वाफ्यात रोवलं.

गेल्या वसंतात, शाळेच्या सुट्टीत, शंतनू आणि सुरुची स्पेनला गेले. शेवटचा टप्पा चालायला. "आई, तुझ्या गुडघ्यांना झेपणार नाही," तो म्हणाला. "आणि ऋग्वेदाला कोण बघणार?"

दमयंतीने बघितलं. ती परसात मटार तोडत असताना व्हिडिओ कॉल आला. देवळासमोरच्या चौकात तो उभा होता, गळ्यात यात्रेकरूंचा शिंपला. "बुएन कामिनो, मॉम! तुझ्या वतीने आत जाऊन आलो. फिटला तुझा नवस!"

मला मात्र त्या दिवशी 'कामिनो'चा, दमयंतीला पहिल्या गावात वाटला होता, तोच अर्थ ऐकू आला.

"छान झालं," दमयंती म्हणाली. "जेवलात का रे?"

फोन ठेवून तिने मला मातीतून उपसलं. पदराने, म्हणजे ओढणीने, माझी मूठ पुसली आणि मला टेकत ती फाटकापर्यंत गेली. फाटकाची कडी काढली. रस्त्यापलीकडे रॉस्किलची टेकडी दिसत होती.

"आजी, व्हेअर आर यू गोइंग?"

"कुठे नाही गं बाळा." तिने कडी लावली, मला पुन्हा वाफ्यात रोवलं आणि पडलेला वेल सुतळीने बांधला.

मित्रांनो, मला तेल लावा, कोरड्या जागी ठेवा, असं मी सांगणार नाही. मी लाकूड आहे, आज ना उद्या कुजणारच. पण तुमच्यासाठी कुणी उंबऱ्याबाहेर थांबलं असेल, तर त्यांच्या वतीने आत जाऊन येऊ नका. पाय चालताहेत तोवर हात धरून न्या. आणि तुमची आई कधी चारचौघांत तुम्हाला म्हातारपणची काठी म्हणाली, तर एकदा आमच्या परसात या. मी मटारच्या वाफ्यात उभी आहे.