कपाचा कान

उल्हास म्हस्केने चहाचा कप बशीसकट पुढ्यात ओढला, कपाचा कान हलकेच फिरवून भिंतीकडे केला आणि समोरच्या कूलरकडे पाहत राहिला. चार-पाच सेकंदच. मग कान परत आपल्याकडे वळवून त्याने पहिला घोट घेतला.

टेबलापलीकडे पद्मजाबाई रणभिसे चष्मा पुसत होत्या. पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

खोलीत तिसरं माणूस होतं ते छाननी समितीचे प्रमुख डॉ. भसीन. त्यांचं सगळं लक्ष कमरेच्या नव्याकोऱ्या मोबाइलकडे होतं. नव्व्याण्णवचा जून होता आणि मोबाइल वाजला की अजून चार माणसं वळून पाहत. भसीनांना ते पाहणं आवडायचं. तेव्हा कपाचा कान कुठे वळला, हे त्यांना दिसायचं काही कारण नव्हतं.

पद्मजाबाईंना दिसलं, कारण त्यांची स्वतःचीही तशीच एक खोड होती. या कॉलेजात इतिहास शिकवायला लागल्याला चोवीस वर्षं झाली होती आणि चोवीस वर्षं त्या डबा उघडण्याआधी चष्मा पुसत होत्या. काच स्वच्छ असली तरी पुसत होत्या. तेवढ्या वेळात वडिलांनी लहानपणी शिकवलेली जेवणाआधीची प्रार्थना मनातल्या मनात म्हणून होई. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये कुणीतरी "ये कन्वर्ट लोग" अशी सुरुवात करून बरंच काही बोललं होतं. दुसऱ्या दिवसापासून बाईंचे मिटलेले डोळे उघडे झाले आणि हातात रुमाल आला. रणभिसे या आडनावावरून दिल्लीतल्या माणसाला काही कळत नाही. महाराष्ट्राच्या मॅडम, एवढंच. दर गणेशचतुर्थीला सहकारी हक्काने मोदक मागत, आणि बाई करोल बागेतल्या दुकानातून आणून खुशाल वाटत. नगरच्या मिशन शाळेच्या हेडमास्तरांची लेक! घरी मयूर विहारला येऊन त्या यावर हसतही. पण ते हसू काही फार टिकायचं नाही.

"मैडम, काग़ज़ मराठी में हैं, आप ही देख लीजिए," भसीन म्हणाले. उल्हासला त्यांनी हातानेच बाहेर बसायला सांगितलं. "इंटरव्यू तीन बजे है."

दार बंद झालं तशी बाईंनी फाइल उघडली. अर्थशास्त्राच्या राखीव जागेसाठी आलेला अर्ज. एमए पहिल्या वर्गात, नेट पास, सध्या गाझियाबादच्या एका नव्या खाजगी कॉलेजात तासांवर शिकवतो. शाळा सोडल्याचा दाखला जालना जिल्ह्यातला. धर्म आणि जात या रकान्यात, वळणदार अक्षरात: हिंदू महार.

"स्कूल तो मिशन का है," भसीन वरून डोकावत म्हणाले. "मराठी नहीं आती, पर 'मिशन' पढ़ लेता हूँ. कहीं क्रिश्चियन तो नहीं? पिछले साल एक केस कोर्ट तक गया था. नीचे आपको लिखना है कि आपकी जानकारी में दावा सही है."

पद्मजाबाईंनी खाली पाहिलं. सहीच्या जागेवर तेच वाक्य छापलेलं होतं.

नियम त्यांना पाठ होता. महार माणूस हिंदू राहिला, शीख किंवा बौद्ध झाला, तर त्याला राखीव जागा मिळते. ख्रिस्ती झाला तर नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुऊन निघते असं सरकार धरून चालतं. गावातल्या विहिरीवर मात्र अजून कुणी तसं धरलेलं नाही. या एका नियमाने रणभिशांच्या घराचे दोन तुकडे केले होते. बाईंचे वडील सूर्यकांतराव यांनी कॉलेजच्या अर्जावर 'ख्रिस्ती' लिहिलं, शिष्यवृत्ती गमावली आणि जन्मभर मास्तरकी केली. वडिलांचे धाकटे भाऊ अण्णासाहेब यांनी 'हिंदू' लिहिलं आणि मोठे अधिकारी झाले. वडील या भावाला तोंडावर खोटारडा म्हणाले. नाताळला अण्णाकाका नगरला यायचे, मुलांना चर्चच्या फाटकाशी सोडायचे आणि बाहेर कडुनिंबाखाली सिगारेट धरून उभे राहायचे. उपासनेहून परतताना वडील म्हणायचे, "साहेबांना सिगारेट ओढायला बरी जागा सापडली." काका गेले तेव्हा कागदावरच्या धर्माप्रमाणे त्यांना अग्नी दिला. वडील स्मशानाबाहेर पवित्र शास्त्र, आपलं बायबल, हातात धरून उभे होते. त्यांनी ते उघडलं नाही.

अशा घरात वाढलेल्या बाईने खोट्यावर सही करायची कशी? आणि नाही करायची, तर बाहेर बाकावर बसलेल्या त्या माणसाचं काय?

भसीनांचा मोबाइल वाजला. रेंज शोधत ते खिडकीपाशी गेले आणि बाई उठून बाहेर आल्या.

व्हरांड्यात लू, उत्तरेतला तो कोरडा गरम वारा, वाहत होती. उल्हास बाकाच्या टोकाशी मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. त्यांना पाहून तो उभा राहिला.

"बसा हो, बसा." बाई स्वतःही बाकावर टेकल्या. "जालन्याकडे शाळा, म्हणजे बोर्डिंगमध्ये होतात?"

"हो मॅडम. पाचवी ते दहावी."

"आणि घरी कोण?"

"आई. कुसुमावती नाव. बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातच होती ती."

विचारू नये हे बाईंना कळत होतं. पण स्वभाव मुळातला चौकस, त्यात इतिहासाचा व्यवसाय. कुणी कधी काय लपवलं हे शोधण्यातच हयात गेलेली.

"चहा घेण्याआधी काय म्हणालात मघाशी?"

उल्हासचा चेहरा उतरला. त्याने पिशवीचे बंद घट्ट धरले.

"मॅडम, हे कमिटीकडून विचारताय, की घरचं माणूस म्हणून? रणभिसे आडनाव आमच्याकडे कळतं."

"खरं सांगू? मलाच ठाऊक नाही," बाई म्हणाल्या.

हे उत्तर त्याला बहुधा बरं वाटलं. तो खाली बसला.

"आईचा बाप्तिस्मा झालाय. माझा नाही."

"तुमचा नाही?"

"दहावीनंतर चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, घे आता. आई म्हणाली, थांब, आधी शिक्षण होऊ दे, स्कॉलरशिप जाईल. मग म्हणाली, नोकरी लागू दे. मीही म्हटलं, बरं, नोकरी लागली की घेतो." तो ओशाळं हसला. "नंतर नीट नियम वाचले. नोकरी लागल्यावर तर घेताच येणार नाही."

"म्हणजे दाखला..."

"खरा आहे मॅडम. अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं लिहायला नको म्हणूनच तर राहिलोय असा."

गेला अर्धा तास पद्मजाबाई एका खोटारड्या माणसाला माफ करायची तयारी करत होत्या. माफी मनात घडी घालून ठेवली होती. तिचा आता काही उपयोग नव्हता.

"रविवारी जाता कुठे?" त्यांनी हळूच विचारलं.

"इथे आपल्या मराठी लोकांची उपासना असते ना, महिन्यातून एकदा? तिथे जातो. आत नाही. आत गेलं की प्रभुभोजनाची ताटली पुढे येते. बाप्तिस्मा नाही म्हणून ती पुढे सरकवायची, आणि मग शेजारचा विचारतो, का हो?" त्याने खांदे उडवले. "फाटकाबाहेर उभा राहतो. गीतं ऐकू येतात तिथवर. लोकांना काही वाटू नये म्हणून हातात काहीतरी धरतो. पेपर नाहीतर पाण्याची बाटली."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पण त्यांना तो दिसत नव्हता. त्यांना कडुनिंब दिसत होता. नाताळची सकाळ, सुटातले अण्णाकाका, दोन बोटांत धरलेली सिगारेट. एवढी वर्षं ते चित्र डोळ्यांसमोर होतं. ती सिगारेट पेटलेली त्यांनी कधीच पाहिली नव्हती. फाटकातून पळत जाऊन त्या काकांच्या कोटाला बिलगायच्या. कोटाला कापराचा वास यायचा, धुराचा कधीच नाही. आणि गीत चालू असलं तर काका ओठांवर बोट ठेवायचे.

वडिलांना हे कुणी सांगायला हवं होतं. आता वडीलही राहिले नव्हते.

"मॅडम, माझं काही चुकलं का?" उल्हासने घाबरून विचारलं.

"नाही रे बाबा," बाई म्हणाल्या. डोळे भरून आले होते आणि ते लपवावंसं त्यांना वाटलं नाही. "पाणी पी. फार ऊन आहे. तीन वाजता नीट बोल."

आत येऊन त्यांनी त्या छापील वाक्याखाली सही केली. वाक्य खरं होतं. आयुष्यात कुठलंच खरं वाक्य त्यांना एवढं जाचलं नव्हतं. ज्याने जागा मिळवायची त्याने फाटकाबाहेर राहायचं, आणि जिला खुल्या जागेवरून कुणी उठवणार नव्हतं ती चोवीस वर्षं काच पुसत बसली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि त्या लाजेने त्यांचं मन पक्कं केलं. आता चहा येईल. आज चष्मा काढायचा नाही. हात जोडायचे, सरळ डोळे मिटायचे. भसीनांनी विचारलं तर सांगायचं. बहुत झालं.

चपराशाने दोन कप आणून ठेवले.

भसीनांनी फाइल ओढून सही पाहिली आणि समाधानाने मान हलवली.

"आपने साइन कर दिया तो मुझे कोई चिंता नहीं. सच कहूँ मैडम, अच्छा है कि आप हैं. कोई क्रिश्चियन मेंबर होता ना, तो मैं ये फाइल फिर से खुलवाता. ये लोग अपने आदमी को चुपचाप पास कर देते हैं."

पद्मजाबाईंचे जोडायला उचललेले हात टेबलावरच थांबले.

व्हरांड्यात खोकल्याचा आवाज आला. बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज आला. तीन वाजायला अजून बराच वेळ होता.

"चाय लीजिए ना, ठंडी हो रही है," भसीन म्हणाले.

"लेती हूँ," बाई म्हणाल्या.

चष्मा त्यांनी काढला नाही. कप बशीसकट पुढ्यात ओढला, त्याचा कान हलकेच भिंतीकडे वळवला आणि त्या कूलरकडे पाहत राहिल्या.