पूर्ण किमतीचा ट्रक

झोमार्तने आयुष्यात एकही वस्तू पूर्ण किमतीला घेतली नव्हती, आणि त्याचा त्याला अभिमानही नव्हता. अभिमान वाटायला आधी काहीतरी वाटावं लागतं. कारागांडा शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात तो हिशेब बघायचा. संध्याकाळी घरी यायचा, बुटांवरचा काळपट बर्फ दाराशी झटकायचा आणि कोट काढायच्या आधी संगणक सुरू करायचा.

इंटरनेटवर खेळ विकणाऱ्या दुकानांत बाराही महिने कसली ना कसली सवलत चालू असते. हिवाळ्याची संपली की नव्या वर्षाची, ती संपली की जपानी खेळांची, तीही संपली की मासे पकडायच्या खेळांची. त्याच्या नेहमीच्या दुकानाचा एक नियम होता: खेळ विकत घ्या, नाही आवडला आणि दोन तासांच्या आत सोडलात, तर पैसे परत. इतर गिऱ्हाइकं फसल्यावर या नियमाकडे वळत. झोमार्तने त्याच्यावर संसार मांडला होता. ऐंशी टक्के सवलतीत खेळ घ्यायचा, पावणेदोन तास खेळायचा, परत करायचा, त्याच पैशांत दुसरा घ्यायचा. तेच पाच हजार टेंगे त्याने सबंध हिवाळा असे फिरवले, की एखाद्या सावकाराने त्याच्याकडे शिकवणी लावावी. मात्र कुठल्याही राजपुत्राला त्याने कधी गादीवर बसवलं नाही, कुठल्याही खुन्यापर्यंत तो पोचला नाही. सुरुवाती तेवढ्या शेकड्याने पाठ होत्या.

बायको अल्माटीला दुसरा संसार थाटून सुखात होती. त्याला तिचा राग नव्हता. राग नव्हता, हीच तर तिची तक्रार होती.

घरात आता तो आणि आके, म्हणजे त्याचे वडील काब्देश. झोमार्त धाकटा, आणि धाकट्याचं घर तेच बापाचं घर, यावर इकडे कोणी चर्चा करत नाही. म्हातारा संध्याकाळी दूध घातलेला चहा घेऊन त्याच्या पाठीमागच्या सोफ्यावर बसायचा आणि पडद्याकडे बघायचा.

"आज किती टक्के?"

"पंच्याऐंशी."

"म्हणजे खेळ पंधराच टक्के मिळाला. बरोबर आहे, त्या घोड्याला शेपूट कुठाय?"

झोमार्त हसत नसे. आकेंनाही तशी अपेक्षा नव्हती. ते स्वतःच थोडं हसून घेत.

डिसेंबरच्या सवलतीत ट्रकचा खेळ आला. माल भरायचा, दूरच्या गावी पोचवायचा, एवढाच. झोमार्तने यंत्रासारखा एक फेरा मारला. मागून सोफा करकरला.

"कुठला रस्ता हा?"

"नॉर्वे."

"गाय नाही, उंट नाही, खड्डा नाही. ड्रायव्हर जागा कशाच्या जोरावर राहतो?" आके येऊन खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "अरे, चढावर कोणता गिअर टाकलास? ऊठ. ऊठ म्हणतो."

आकेंनी तीस वर्षं बाल्खाश तळ्याच्या रस्त्यावर कामाझ ट्रक चालवला होता. दोन बोटांनी बाण दाबत त्यांनी नॉर्वेचा घाट उतरवला आणि उतरताना तोंड सुरू झालं ते थांबेना. तळ्याकाठी धुरावलेले मासे विकणाऱ्या बायका, त्यांतली एक कशी वजनात मारायची आणि तरी सगळे ड्रायव्हर तिच्याकडेच का थांबायचे. उणे चाळीसात इंजिनाखाली शेकोटी पेटवणं. झोमार्तची आई रागावली की त्यांचा डबा कसा रिकामाच बांधून द्यायची. झोमार्त बाजूच्या स्टुलावर बसून घड्याळ बघत होता.

"आके, झालं. उठा आता."

"समोर बोट दिसतेय. गाडी तिच्यावर चढवतो आणि उठतो."

"वेळ नाही."

आकेंनी ट्रक धक्क्यावर उभा केला, दोन बोटं उचलली. झोमार्तने खेळ परत केला. पैसे आले.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला तेव्हा आके चष्मा पुसून थेट खुर्चीतच बसलेले होते.

"लाव."

"काय?"

"ट्रक. बोट खोळंबलीय."

"तो परत केला."

"का? बिघडला?"

"नाही. चांगला होता."

"मग?"

"पैसे मिळाले ना."

आकेंनी चष्मा काढून खिशात ठेवला. "फार शहाणा निघालास बाळा," ते म्हणाले आणि कप उचलून स्वयंपाकघरात गेले. त्यानंतर ते चहा तिथेच पिऊ लागले. टक्के विचारणं बंद झालं. झोमार्तच्या पाठीमागे सोफा रिकामा राहिला, आणि त्याला फरक जाणवला तो इतकाच, की खोलीत आता दुधाचा वास येत नाही.

फेब्रुवारीत कोस्तानायहून थोरली बहीण रायहान आली. तिने दारातच तळलेल्या बावर्साकांची पिशवी त्याच्या छातीवर आदळली.

"घे, खा. बाप घालवतोयस, तोंड गोड कर."

"मी कुठे घालवतोय आपा?"

"फोन करून मला म्हणाले, येऊन घेऊन जा. म्हणाले, याच्यापेक्षा भिंत बरी, तिला निदान ओल तरी येते." ती पदराला हात पुसावेत तशी रुमालाला हात पुसत होती. "धाकटा जिवंत असताना बाप जावयाच्या दारात! माझ्या सासरचे तोंडावर काही बोलणार नाहीत, पाठीमागे बोलतील, आणि मला सगळं ऐकू येतं. पण उपाय काय? तू त्यांना 'जाऊ नका' म्हणालास?"

"त्यांची इच्छा आहे."

"आणि तुझी?"

झोमार्तने स्वतःच्या आत डोकावून पाहिलं. पायाला मुंग्या येऊन तो पार बधिर झाला, की आपलाच आहे ना हे डोळ्यांनी बघून ठरवावं लागतं, तसं. पाय होता. उचलला मात्र जात नव्हता.

"बघू," तो म्हणाला.

"बघ, बघ. उद्या सवाचारची गाडी आहे. तोवर बघून घे."

रविवारी दुपारी आकेंची बॅग दाराशी येऊन उभी राहिली. त्यांनी जाडा ओव्हरकोट घातला, फरची टोपी चढवली आणि एवढ्या लवकर तयार झाल्यामुळे स्वयंपाकघरात घामेजून बसले. रायहान टॅक्सीवाल्याला फोनवर पत्ता समजावत होती. झोमार्तला काय करावं ते सुचेना, म्हणून तो रोज जे करायचा तेच करायला बसला. दुकान उघडलं. मासे पकडायच्या खेळांवर नव्वद टक्के होते. तो खाली खाली सरकत ट्रकपाशी आला.

ट्रकवर काही नव्हतं. किमतीशेजारची टक्क्यांची हिरवी पट्टी गेली होती आणि आकडा उघडाबोडका दिसत होता. त्या पैशांत मासेवाले आठ खेळ आले असते. पुढची सवलत उन्हाळ्यात लागेल, तेव्हा हाच चतकोर किमतीला मिळेल, हे त्याच्याइतकं पक्कं कोणाला माहीत होतं? त्याने बटण दाबलं.

"आके, जरा इकडे या."

आके टोपीसकट दारात आले. पडद्यावर धक्का होता, पाणी होतं, समोर बोट तोंड उघडून उभी होती.

"ही अजून इथेच?"

"आपण चढल्याशिवाय ती सुटत नाही."

आकेंनी डोळे बारीक केले. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "किती टक्के?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"पूर्ण किमतीला घेतला."

"याला वेड लागलंय," रायहान फोनवर हात ठेवून म्हणाली. "परवापर्यंत चहाची पूड तीनदा उकळणारा हा माणूस! आके, चला, टॅक्सी खाली आलीय."

आके ओव्हरकोटसकट खुर्चीत बसले. "परत करायला किती वेळ आहे?"

झोमार्तने त्यांच्याशी हिशेबात कधी खोटेपणा केला नव्हता. "पावणेदोन तास आपण तेव्हाच वापरलेत. ते दुकानाने धरलेत. पंधरा मिनिटं उरलीत."

"बरं." आकेंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि दोन बोटं बाणांवर ठेवली. त्यांनी घाई केली नाही. आरशात बघून, मागे घेऊन, पुन्हा सरळ करून ट्रक बोटीवर चढवला. बोट निघाली. खाली टॅक्सीवाल्याने भोंगा वाजवला. रायहानने खिडकी उघडून त्याला एक सणसणीत शिवी दिली आणि वर "आलेच" असंही सांगितलं.

पलीकडचा किनारा आला. आकेंनी ट्रक उतरवला, कडेला घेतला आणि बोटं उचलली. मान न वळवता म्हणाले, "उठू का?"

झोमार्तने घड्याळ पाहिलं. अजून तीन मिनिटं होती. तीन मिनिटांत पैसे परत येत होते, बॅग खाली जात होती, गाडीही मिळत होती. सगळा हिशेब जुळत होता, आणि जुळलेल्या हिशेबाकडे तो नेहमी बघायचा तसा बघत राहिला. मग त्याने स्टूल ओढलं आणि खुर्चीला टेकवून बसला. ओव्हरकोटाचं थंड बटण त्याच्या कोपराला लागलं.

"जा पुढे," तो म्हणाला. "उठू नका."

रायहान दारात उभी होती. तिने दोघांच्या पाठींकडे पाहिलं, काहीतरी पुटपुटली, आणि खिडकीतून ओरडली, "जा रे बाबा, जा! येत नाही आम्ही! भोंगा वाजवल्याचे पैसे मागू नकोस!" मग तिने बॅग दारातून लाथेने आत ढकलली आणि चहाचं आधण ठेवायला गेली.

दुकानाची दोन तासांची मुदत उलटून गेली. पडद्यावर दोन रस्ते फुटले.

"डावीकडे की उजवीकडे?" आकेंनी टोपी काढून झोमार्तच्या मांडीवर टाकली.

"माहीत नाही. इतक्या पुढे मी कधी आलोच नाही."

"मग बडबडू नकोस. पाट्या वाच."