उजव्या हाताचा साचा

माझा धंदा साच्यांचा. चौकातले पुतळे, संग्रहालयातले मुखवटे, कारंज्यावरची मगर, काय म्हणाल ते मी प्लास्टरमध्ये काढून देते. हारतुरे असले की लोक मला कलावंत म्हणतात, एरवी मी प्लास्टरवाली. आईच्या मते तर मी केस पिकले तरी चिखलातच खेळत होते. म्हणून ती एक दिवस धापा टाकत माझ्या कारखान्याचा जिना चढून आली, तेव्हा मी हातातलं काम तसंच टाकून उठले. फळीवर सुकत ठेवलेले हातपाय तिने नीट न्याहाळले आणि म्हणाली, "यांच्या हाताचा एक करून दे."

"कोणाच्या?"

"तुझ्या बापाच्या. आणखी कोणाच्या?"

बाबांनी जन्मभर सलून चालवलं. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक हनुवटीखालून त्यांचा वस्तरा फिरला होता आणि कोणाला साधा ओरखडा म्हणून नव्हता. तोच उजवा हात आता कंपवाताने सारखा थरथरत असे. सलूनला कुलूप लागलं. "आता माझ्याकडून दाढी करायची तर आधी मृत्युपत्र करून या," असं ते येईल त्याला सांगत आणि स्वतःच हसत. हृदयही थकलंय, फार लांबचं बघू नका, असं डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं. घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी चकार शब्द काढत नव्हतं.

"फोटो आहेत की एवढे," मी म्हटलं.

"फोटोचं काय करू? प्रत्येक फोटोत हात पाठीमागे, जसा काही गुन्हाच केलाय." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "मला हात हवाय. ते गेल्यावर धरायला."

मी हो म्हटलं.

पुढच्याच रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी पसारा मांडला. बाबा अगदी नवरदेवासारखे भांग पाडून बसले होते. "नखं कापू का गं? नाहीतर लोक नावं ठेवतील," म्हणाले. प्लास्टर घट्ट होईपर्यंत हात जराही हलून चालत नाही, आणि तो हात तर थांबायचं नावच घेत नव्हता. साचा उघडला तर आत नुसती फुगलेली बोटं. सुरकुती नाही, रेष नाही, जणू हातमोजाच. मग दातांचे डॉक्टर कवळीचं माप घ्यायला वापरतात ती गुलाबी पेस्ट आणली. ती चटकन घट्ट होते. तरी तेच. तिसऱ्यांदा बिघडलं तेव्हा मी ओरडलेच, "बाबा, जरा नीट धरा ना!"

त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट पकडलं. मग दोन्ही हात थरथरायला लागले.

"धरतोय गं," ते म्हणाले.

मला रडू फुटलं. सामान आवरायचं निमित्त करून मी पाठ फिरवली.

आईने मात्र हार मानली नाही. "झोपेत थांबतो तो," ती मला कानात म्हणाली. "मी बघत असते ना." म्हणून एका दुपारी बाबा खुर्चीत डुलकी घेत असताना आम्ही मायलेकी दोन बाजूंना गुडघे टेकून बसलो, चोरांसारख्या. हात खरंच निवांत पडला होता. मी प्लास्टरचा पहिला थर लावला मात्र, त्या थंडगार स्पर्शाने बाबा दचकून उठले. प्लास्टर पडद्यावर, भिंतीवर, आईच्या केसांत. बाबांनी आधी हाताकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"गेलो असं वाटलं की काय तुम्हाला?" ते म्हणाले आणि खो खो हसले. हसता हसता मध्येच थांबले. "थोडा धीर धरा. होईल तेव्हा होईल."

आई आत गेली. नळ बराच वेळ नुसताच वाहत होता.

शेवटी मी साच्याचा नाद सोडला आणि माती घेतली. संध्याकाळ झाली की बाबांच्या समोर बसायचं आणि बघून बघून हात घडवायचा. कात्री धरून अंगठ्याला पडलेला घट्टा, जरा वाकडी करंगळी, सगळं आलं. सासरहून ताई बघायला आली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. आईने डोळे मिटले, आपली बोटं त्या मातीच्या बोटांत घातली आणि काढून घेतली.

"छान झालाय. ठेव तुझ्या कारखान्यात."

"काय चुकलं सांग तरी."

"चुकलं काहीच नाही. पण हे ते नाहीत."

त्याच सुमारास संग्रहालयाचं एक काम माझ्याकडे होतं. कोणा जुन्या गवयाचा, मेल्यावर चेहऱ्यावरून काढलेला मुखवटा, त्याची नक्कल करायची होती. लोक त्या मुखवट्यासमोर उभे राहत आणि कुजबुजत, "किती शांत चेहरा!" शांत नाही तर काय असणार, मेलेला माणूस आहे तो! मला त्या लोकांचा पूर्वीपासून राग यायचा, आता स्वतःचा यायला लागला. आमच्या कलेला माणूस थांबलेला लागतो. जिवंत असेपर्यंत तो हलणार, आणि हलला की आमचं काम बिघडणार. एवढी वर्षं प्लास्टर कालवलं, पण हे मला कधी टोचलं नव्हतं.

थंडीत बाबांना सर्दीचं निमित्त झालं. छाती भरली, आणि एका दुपारी आई पाणी आणायला उठली तेवढ्यात ते गेले. डॉक्टर येऊन बघून गेले. ताई आली, रडली, रडून थकली. आई पलंगाशेजारी बाबांचा उजवा हात हातात घेऊन बसली होती. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं तरी ती उठली नाही. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आता घे."

"आई!" ताई ओरडली. "काहीतरीच काय बोलतेस!"

"आता हलत नाही तो," आई म्हणाली. "गार पडलाय. घे लवकर."

मी सामान घेऊन आले. हाताच्या पाठीवरच्या केसांना व्हॅसलीन चोळलं. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा तो हात माझ्या हातात निमूट राहिला. खालचा अर्धा साचा, मग वरचा. उघडला तेव्हा आत प्रत्येक रेष होती, नखावरची चीरसुद्धा. असा साचा मी आयुष्यात काढला नव्हता. आणि खोटं कशाला बोलू, मला क्षणभर आनंद झाला. मग त्या आनंदाचीच शिसारी आली.

आईने साच्याकडे बघितलंही नाही. ओलं फडकं घेऊन ती हात पुसायला लागली आणि थबकली.

"अगं," ती म्हणाली. "हात गरम आहे."

ताईने हात लावला आणि ती पांढरीफटक पडली. "खरंच गं! डॉक्टरांना फोन कर! कर ना!"

"अहो," आई बाबांच्या गालावर थापट्या मारत होती. "अहो, ऐकलंत का? अहो!"

प्लास्टर घट्ट होताना तापतं. माझे तळवे रोज त्याने ऊन होतात, इतकं रोजचं की यांना हे आधी सांगायला हवं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आता सांगणं भाग होतं.

"आई," मी म्हटलं, "ती प्लास्टरची ऊब आहे. जाईल आता."

ताई फोन हातात घेऊन तशीच खाली बसली. आईने थापट्या थांबवल्या. बाबांचा हात तिने आपल्या दोन्ही तळव्यांत धरला आणि ऊब होती तोवर धरून ठेवला. ती जायला फार वेळ लागला नाही. मग तिने बाबांची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि तो हात चादरीवर माझ्यापुढे ठेवला.

"परत लाव," ती म्हणाली.

"साचा झालाय, आई. चांगला झालाय."

"साचा नको मला. परत लाव."

मी बादली उचलली आणि पाणी आणायला गेले.