पहिला मान मामाचा

माणूस भेटला की दुसऱ्याच वाक्याला त्याचं गणगोत काढायची सरलाबाई घारपुरेंना भारी खोड. अमेरिकेत, वेस्ट विंडसरमधल्या मराठी जेवणावळीत नवी सून दिसो, नाहीतर नळ दुरुस्त करायला आलेला गोरा, "तुझं आजोळ कुठलं रे?" हे ठरलेलं. त्यांची लेक कांचन लाजेनं अर्धी व्हायची.

"आई, इट्स रूड! इथं असं विचारत नाहीत."

"मग काय, हवा कशी आहे ते विचारू? ती खिडकीतून दिसते की!"

कांचन डॉक्टरेट करत होती, तीही जगावेगळ्या विषयात. सव्वातीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात टोबायस हॅमंड नावाच्या एका गृहस्थानं खोलीभर नवलाच्या वस्तू जमवल्या होत्या. शंख, पिसं, परदेशी पादत्राणं, काय वाटेल ते. त्याच्या पश्चात मुलानं त्या सगळ्याची सूची छापली आणि शेवटी वस्तू देणाऱ्या एकेचाळीस जणांची यादी जोडली. कांचन तीन वर्षं त्या यादीला चिकटून होती, आणि यादीला ना शेंडा ना बुडखा! ना अक्षरांचा क्रम, ना तारखांचा. अख्खी मगर देणारे लॉर्डसाहेब सहाव्या नंबरावर, आणि एक फुटकळ कवडी देणारा राल्फ व्हीलर नावाचा जहाजाचा कप्तान सगळ्यांत वर. प्रोफेसरांनी शेवटी बजावलं, "छापखान्याचा घोळ दिसतोय. मेपर्यंत अर्थ लागला तर ठीक, नाहीतर विषय बदल."

त्या दिवशी पोर ताटावरून तशीच उठली. सरलाबाईंनी चष्मा चढवला, यादीची झेरॉक्स पुढ्यात ओढली आणि बोट फिरवत वाचली.

"अगं बाई, ही तर आहेराची यादी!"

"व्हॉट?"

"लग्नात वहीत लिहितात ना, कुणी काय दिलं ते. त्यात पहिला मान मामाचा. मग त्यानं नुसता नारळ का दिला असेना! हा कप्तान मामा आहे, लिहून घे."

"धिस इज नॉट अ नागपूर वेडिंग, आई!" कांचन चिडलीच. पण बुडत्याला काडीचा आधार. शनिवारपासून मायलेकी जगभरच्या वंशावळी जमवणाऱ्या एका चर्चच्या वाचनालयात जाऊन बसू लागल्या. इंग्लंडातल्या जुन्या लग्नांच्या आणि बाप्तिस्म्यांच्या नोंदवह्या तिथं फिल्मवर बघायला मिळत. चौथ्या शनिवारी टोबायसच्या आईचं माहेर सापडलं. ते निघालं ग्रीन. व्हीलरचा पत्ता नाही!

"सी? मामाबिमा काही नाही." कांचननं फिल्म बघायचं मशीन बंद केलं. "आय ॲम डन."

सरलाबाईंचं तोंड एवढंसं झालं. आपल्या नादानं पोरीचा महिना फुकट गेला, हे त्यांना फार लागलं. गाडीचं दार उघडता उघडता मात्र त्या थबकल्या.

"यादी कुणी छापली म्हणालीस?"

"मुलानं."

"मग बापाचा मामा कशाला शोधतेस, माझे आई? मुलाचा शोध! टोबायसच्या बायकोचं माहेर बघ."

"तिचं नाव कुठेच नाहीये. फक्त मिसेस हॅमंड."

"नसणारच. बायकांची नावं पुसली की नाती कशी दिसतील? मलाच बघ. माहेरची मी नीला उकिडवे. लग्नात तुझ्या बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'सरला' लिहिलं, आणि नीला गेली ती गेलीच. चल परत आत."

आणखी दोन शनिवार गेले. मग टोबायसच्या लग्नाची नोंद मिळाली. नवरी ॲलिस व्हीलर. त्याच गावच्या जुन्या वहीत जॉन व्हीलरची दोन मुलं सापडली, राल्फ आणि ॲलिस, पाठोपाठची. वाचनालयात बोलायचं नसतं हे विसरून कांचन किंचाळली, "आई! ही इज द मामा!"

पुढं सगळं भराभर उलगडलं. दुसरा मावशीचा नवरा, तिसरा चुलता, चौथा बहिणीचा सासरा, पाचवा मामेभाऊ. घरचे आधी, लॉर्डसाहेब मागून!

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या मे महिन्यात कांचननं विद्यापीठात हे सगळं मांडलं. सरलाबाई नारायणपेठ नेसून पहिल्या रांगेत. प्रोफेसर उठून म्हणाले, "आम्ही इतकी वर्षं ही नावं वाचली. कोण कुणाचं, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही." टाळ्या पडल्या. सरलाबाईंचा ऊर अभिमानानं भरून आला.

शेवटी पडद्यावर आभाराची यादी आली, हॅमंडच्या यादीच्याच धर्तीवर, नाव आणि पुढं दिलेली वस्तू. शिष्यवृत्ती देणारी संस्था, ग्रंथालय, प्रोफेसर, सगळे होते, पण खाली. सगळ्यांत वर एकच ओळ होती: 'नीला उकिडवे. एक प्रश्न.'

शेजारची गोरी बाई वाकून कुजबुजली, "हू इज शी?"

अमेरिकेतल्या चोवीस वर्षांत हा प्रश्न सरलाबाईंनी शेकडो माणसांना विचारला होता. त्यांना मात्र आज पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. त्यांनी पदर सावरला, डोळे पुसले आणि अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मी! नागपूरच्या उकिडव्यांची!"