बेकरीच्या काट्यावर आलेला आळ

मित्रांनो, मला म्हातारा म्हणा, गंजका म्हणा, पण खोटा म्हणू नका. मी एका बेकरीतला जुना वजनकाटा आहे. सध्या माझा मुक्काम माळ्यावर, रिकाम्या पोत्यांच्या शेजारी. मला इथे कोणी आणून टाकलं ते आठवलं की आजही जीव जळतो.

कारखान्यात घडलो तेव्हा तपासनिसाने माझ्यावर शिक्का मारला आणि म्हणाला, "हा काही फसवणार नाही." आमच्या मालकाच्या वडिलांनी मला विकत आणलं. पुढे मुलगा भट्टी सांभाळू लागला. पीठ, लोणी, मीठ, काहीही माझ्याशिवाय परातीत पडत नसे. "वजन बरोबर तर पाव बरोबर!" असं तो गिऱ्हाइकांना सांगे आणि माझ्या पाठीवर थाप मारी. मी खूश!

मग त्याला मधुमेह झाला. डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली आणि वजन थोडं उतरवायला सांगितलं. मेहुणा लगेच फोन घेऊन हजर. "भाऊजी, वय, उंची, वजन टाका. किती कॅलरी खायच्या ते हा फुकटात सांगतो." खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. मेहुण्याने ते अंगठ्याने वर सरकवलं. फोनने गोळीबद्दल विचारलं नाही, मालकानेही सांगितलं नाही.

झालं! कानामागून आला आणि तिखट झाला तो फोन. मालकाचं जेवण माझ्या पारड्यात येऊ लागलं. पावाचा तुकडा जरा जड भरला की तो चिमटीने कोपरा मोडून बाजूला ठेवी.

"अहो, दिवसभर भट्टीपुढे राबायचं आणि चिमणीएवढं खायचं?" बायको कळवळून म्हणे. "हात बघा कसे थरथरतायत."

"अगं, काटा कधी खोटं बोलतो का?"

मी वजन सांगत होतो हो! तेवढं त्याला पुरेल, असं मी कधी म्हटलं?

एका सकाळी भट्टीतून ट्रे काढताना त्याला दरदरून घाम फुटला. जीभ अडखळली आणि तो ट्रेसकट खाली बसला. हात भाजला. बायकोने धावत येऊन साखरेचं पाणी पाजलं, म्हणून थोडक्यात निभावलं.

दवाखान्यातून परतल्यावर तिने भावाला फैलावर घेतलं. "डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ठाऊक आहे? गोळी तेवढीच, काम तेवढंच आणि खाणं निम्मं! साखर खाली जाणार नाही तर काय?" मग ती नवऱ्याकडे वळली. "पिठाचं नवं पोतं आलं की हाताने बघून पाणी कमीजास्त करता. स्वतःच्या जिवाला मात्र कुणाचंही माप लावलंत!"

मालकाने मान डोलावली. त्याला सगळं पटलं होतं. मी त्याचा चेहरा पाहिला आहे.

तरी दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांनी हाताच्या पट्टीबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, "अहो, काटाच बिघडला होता!" फोनच्या नादी लागलो हे सांगायची लाज वाटली असेल. सोबत काढलेल्या इतक्या वर्षांची मात्र नाही वाटली. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्याच दुपारी मला माळ्यावर चढवलं.

आता तो डॉक्टरीणबाईंना विचारून खातो, बरा आहे. माझं दुःख मी गिळलं असतं. पण आज समोरचे शिंपीकाका दुकानात आले होते. त्यांनाही मधुमेह आहे, त्यांचीही गोळी चालू आहे. खुशीत म्हणाले, "तुमचं ऐकून मी नवा कोरा काटा आणला बघा. तुमच्या मेहुण्यांनी फोनवर सगळं मागेच घालून दिलंय. उद्यापासून सुरू!"

मालक पाव बांधत होता. त्याचा हात थांबला. त्याने वर माळ्याकडे पाहिलं, आणि पाव बांधून दिला.

मित्रांनो, मला हाक मारता येत नाही, तुम्हाला येते. शिंपीकाका अजून गल्लीच्या टोकाशीच असतील. धावा, आणि त्यांना सांगा की काटा बिघडला नव्हता.