एकेचाळीस ओक

गाईला चारा घालून झाल्यावर स्तामेनानं नवऱ्याच्या पेटीतलं गिरमिट काढलं, वाकडी सुरी काढली, मेणाचा गोळा, तेलाची बाटली आणि मूठभर गहू फडक्यात बांधले आणि सरळ वरचं रान गाठलं. कुणाला विचारलं नाही. विचारायचं तरी कुणाला? ज्यांना विचारायचं, त्यांनीच तर ते रान विकलं होतं!

रान म्हणजे शेतांच्या डोक्यावरची ओकांची चढण. मालकी साऱ्या गावाची. गावाचा प्रमुख ओब्रेन यानं सभा बोलावली, सभागृहाचं छप्पर गळतंय म्हणाला, रस्त्याचं बोलला आणि ओकांचं लाकूड करवत-गिरणीला देऊन टाकायचा ठराव पुढे ठेवला. भराभर हात वर झाले. स्तामेना एकटी उभी राहून नाही म्हणाली. तेव्हा ओब्रेननं हसत हसत समजूत घातली, काकू, झाडं काय, पुन्हा उगवतील की. सगळे हसले. त्या हसण्यानं तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण तिनं एकदा हे सगळं पाहिलं होतं. डोंगरापलीकडचं व्रेलनिक हे तिचं माहेर. तिथल्या लोकांनी असंच रान तोडलं, आणि गंमत अशी की पहिली दोन वर्षं मका माणसाच्या डोक्यावर गेला. भावानं तर हातभर कणीस पाठवून दिलं, बघ, सावली गेली आणि पीक कसं माजलं! कुणाला कळलंच नाही की शंभर वर्षं ओकांखाली साचलेला, कुजून काळाभोर झालेला पाला पावसानं खाली आणून शेतात घातलाय. जंगलाची पुंजी दोन हंगामांत खाऊन मोकळे झाले. तिसऱ्या वर्षी वरून काळी माती आली नाही, गोटे आले. रानात सावलीत उशिरापर्यंत टिकणारं बर्फ आता वसंतातल्या पहिल्याच उन्हात वितळून धावत सुटायचं, आणि ऑगस्टपर्यंत वाहणारा झरा जूनमध्येच कोरडा पडायचा. भाऊ आता शहरात बस चालवतो. बापाचं शेत गोट्यांखाली आहे. आणि इथे स्तामेनाचा मका, तिची आलुबुखाराची झाडं आणि तिचा झरा, सगळं त्या ओकांच्या पायथ्याशीच होतं.

गावात एक झाड मात्र कुणी कधी विकलं नसतं. शिवारातला जुना ओक, आमचं झापिस, म्हणजे गावाचं पवित्र झाड. ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी सारं गाव पिकांभोवती फेरी काढून त्याच्याखाली येतं, गारा पडू नयेत म्हणून प्रार्थना होते, त्या वर्षीचा यजमान सालीवरचा क्रूस पुन्हा कोरतो, गिरमिटानं भोक पाडून त्यात गहू आणि तेल घालतो आणि मेणानं बंद करतो. मग त्या झाडाला हात लावायची कुणाची टाप नाही; जो तोडेल त्याच्या घरावर अरिष्ट येतं, म्हणतात. त्याची पडलेली फांदीसुद्धा चुलीत जात नाही, जागेवरच कुजते. आता हे काम पुरुषाचं, आणि तेही यजमानाचं. स्तामेना बाई, वर विधवा. तिनं नऊ दिवसांत एकेचाळीस ओकांवर क्रूस कोरले.

पाचव्या दिवशी पाद्री धापा टाकत वर आले. असं करता येत नाही, प्रार्थनेवाचून ते झापिस होत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणा ना प्रार्थना, मी कुठे अडवलंय, असं ती म्हणाली आणि गिरमिट फिरवत राहिली. पाद्री बराच वेळ खोकले आणि उतरून गेले.

दहाव्या दिवशी सकाळी गिरणीचा ट्रक आला. तिघे करवतवाले उतरले. दोघे बाहेरगावचे, तिसरा आमचाच रादोश, ज्याचा मका स्तामेनाच्या शेताला लागून. सभेत त्यानंही हात वर केला होता. मागोमाग ओब्रेन आला. रांगेनं क्रूस पाहून त्याचं तोंड उतरलं, पण माणसं बघत होती.

"काकू, पुरे झालं आता," तो म्हणाला. "बाईच्या हातानं झापिस होत नसतं. हे नुसते ओरखडे आहेत."

"ओरखडेच ना?" स्तामेना बाजूला सरली. "मग घाल करवत."

ओब्रेननं माणसांना खूण केली. बाहेरगावच्या दोघांतल्या एकानं टोपी काढली आणि घरी लहान लेकरं आहेत म्हणाला. दुसरा ट्रकमध्ये जाऊन बसला. मग ओब्रेननं स्वतःच करवत उचलली, दोरी ओढून सुरू केली आणि पहिल्या ओकाजवळ नेली. क्रूसाच्या वीतभर खाली धरली. स्तामेना हलली नाही. करवत नुसतीच घरघरत राहिली. शेवटी त्यानं ती बंद केली आणि पेट्रोलात पाणी आहे म्हणाला.

बाईला हसू आवरेना. ते मात्र ओब्रेनच्या वर्मी लागलं.

"बरं, ही एकेचाळीस तुझी," तो म्हणाला. "वर दोनशे आहेत, कोरी करकरीत. रादोश, तिथून सुरू कर."

स्तामेनाचं हसू गेलं. दोनशे! उताराची माती धरून होते ते वरचेच, आणि नऊ दिवसांत तिच्या तळहातांची सालं निघाली होती. पण तिनं फडकं उचललं आणि करवतीच्या आधी पोचायचं म्हणून चढायला लागली. पाय पाल्यात घोट्यापर्यंत रुतत होते. रादोश करवत खांद्यावर टाकून मागून येत होता. तरणा गडी, त्याला पुढे जाता आलं असतं. तो गेला नाही.

पहिल्या कोऱ्या ओकाशी तिनं गिरमिट टेकवलं आणि जोर लावला. मूठ रक्तानं निसटली. पुन्हा लावला, पुन्हा निसटली.

"मला हाताला धरून बाजूला कर आणि पाड," ती मागे न बघता म्हणाली. "मी आपणहून सरायची नाही. आणि व्रेलनिकला जाऊन माझ्या बापाचं शेत एकदा बघून ये. तुझंही तसंच दिसेल."

तिथून फांद्यांमधून खाली दोघांची शेतं दिसत होती, तिचं आणि त्याचं, मध्ये झऱ्याची ओल आणि वीतभर वर आलेला मका. रादोश तिकडे बघत राहिला. मग त्यानं करवत पाल्यावर ठेवली आणि तिच्या हातातलं गिरमिट काढून घेतलं.

खालून ओब्रेन त्याला हाका मारत होता. रादोशनं गिरमिट सालीला लावलं.

"किती खोल घालू, काकू?"

"बोटभर," स्तामेना फडक्यानं हात पुसत म्हणाली. "आणि बायकोला फोन कर. तुमच्या घरचं गिरमिटही घेऊन ये म्हणावं."