पडद्यावरची हलगी

ऐतिहासिक पिक्चरमधल्या चुका शोधणं हा आम्हा उचगावकरांचा आवडता उद्योग. शूटिंग पन्हाळ्याच्या बाजूला व्हायचं, मावळे म्हणून आमचीच माणसं जायची. मग पिक्चर लागला की कुणाच्या पायात रबरी चप्पल राहिली ते बघायला आम्ही तिकिटं काढायचो. त्यात मी सगळ्यांत खवचट.

पण त्या दिवशी मी चुका शोधायला गेलो नव्हतो, धोंडुमामीला घेऊन गेलो होतो. माझा गुंडूमामा हलगी वाजवायचा. कुस्तीच्या मैदानात त्याची हलगी कडाडली की म्हातारेसुद्धा मांडीवर थाप मारायचे. पण कुणी टेपरेकॉर्डर पुढं केला की, "हलगी डब्यात कोंडायची चीज न्हाय," म्हणून उठून जायचा. हेकटच होता. तो गेला तेव्हा त्याचा आवाज मागं कुठंच उरला नाही. उरला असेल तर या एका पिक्चरमध्ये. मरायच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यात त्यानं सरदाराच्या स्वारीपुढं हलगी वाजवली होती, आणि तेवढीच ऐकायला मामी वर्षभर वाट बघत होती.

शूटिंगला मीही होतो. मामी उसाचं पाचट पेटवून हलगी शेकत बसली होती. कातडं तापल्याशिवाय हलगी बोलत नाही. कॅमेरावाल्यांना घाई. "मावशी, राहू द्या. आवाजाचं काम मुंबईत होतं," एकानं सांगितलं.

"काम कुठंबी हुंदे," मामी म्हणाली, "वाजवणारा तर हितंच हाय न्हवं?" आम्हा सगळ्यांना तिचंच बरोबर वाटलं. हलगी तापेपर्यंत घोडेसुद्धा थांबले.

थिएटरात मामी ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. सुरुवातीलाच एका मावळ्याच्या मनगटावर घड्याळ चमकलं आणि पब्लिक उसळलं. "आरं, किती वाजलं सांग की!" मागून एकजण ओरडला. मीही हसलो. मामीला त्याचं काही नव्हतं. "ह्ये कवा येत्यात?" एवढंच ती विचारत होती.

मग मामा आला. मान तशीच तिरकी, खालचा ओठ दाताखाली. मामीनं माझा हात घट्ट धरला. मामाच्या हातातली काठी कातड्यावर पडली आणि ऑक्टोपॅड वाजलं. वरातीत बडवतात तसलं, धप्प धप्प, वर कीबोर्डचा गुळमट सूर. मामाचा हात एकीकडं, ठेका दुसरीकडं. तीनशे वर्षांपूर्वीच्या स्वारीत विजेवर चालणारं वाद्य! मुडदा बशिवला त्यांचा. घड्याळाला हसलेलं सगळं थिएटर आता त्या ठेक्यावर खुशीत शिट्ट्या मारत होतं.

"आकाराम, ह्यांची हलगी कवा लावणार?"

"हीच लावलीया, मामी."

"ही ह्यांची न्हाय."

"न्हाय." दुसरं काय सांगणार?

पिक्चर संपेपर्यंत ती उठली नाही. मामा काही परत दिसला नाही. बसमध्ये मी मुंबईवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या, ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

चार-आठ दिवसांनी मी तिच्याकडं गेलो. ती उंबऱ्यात बसली होती.

"कशी हाईस?"

"आकाराम, आधी भाकरी थापताना ह्यांची हलगी कानात वाजायची. रोज. मी कुणाला बोलले न्हाय, हसशिला म्हणून. पिच्चर बघितल्यापासनं त्येच वाजतंय. मुंबईचं."

"जाईल की दोन दिसांत," मी म्हणालो.

"ह्यांची कशी हुती, तू सांग बघू. तुला तर ठावं हाय."

मी हलगी तोंडानं म्हणायचा प्रयत्न केला, पण जमेना. मामीनं डोळे मिटले आणि मामाचा ठेका शोधत गुडघ्यावर बोटं आपटायला लागली. धप्प धप्प, धप्प धप्प.